पायथागोरस, लोहाराचे हातोडे आणि तारेला टांगलेली वजने: ही गोष्ट कितपत खरी?

विज्ञानवही (प्रश्न)

नमस्कार. मी नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. ध्वनीचे प्रकरण सुरू करताना दरवर्षी मी मुलांना पायथागोरसची गोष्ट सांगते. तो लोहाराच्या दुकानावरून जात असताना त्याला हातोड्यांच्या घावांतून सुसंवादी स्वर ऐकू आले, त्याने आत जाऊन हातोडे तोलून पाहिले तर त्यांची वजने १२, ९, ८ आणि ६ या प्रमाणात निघाली, मग घरी येऊन त्याने तितकीच वजने सारख्या तारांना टांगली आणि त्यांतून तेच स्वर मिळाले, अशी ती गोष्ट. माझ्याकडच्या एका पुस्तकात हा भौतिकशास्त्राच्या इतिहासातील पहिला प्रयोग असल्याचे ठामपणे लिहिलेले आहे.

यंदा गोष्ट सांगण्याआधी प्रयोग स्वतः करून पाहावा असे ठरवले. सतारीची पोलादी तार घेतली, तिचे एक टोक टेबलाच्या कडेला खिळ्याला बांधले, खाली ४८ सेंटीमीटर अंतरावर लाकडाच्या दोन तिकोनी पट्ट्या घोडीसारख्या ठेवल्या आणि दुसरे टोक टेबलावरून खाली सोडून त्याला १ किलोचे वजन टांगले. पेटीवर त्या आवाजाशी जुळणारी पट्टी शोधून तिला षड्ज मानले. लांबीचा भाग अगदी पुस्तकातल्यासारखा जमला. मधे लाकडाची तिसरी पट्टी सरकवून तार २४ सेंटीमीटरची केली तेव्हा तार षड्ज आला, ३२ सेंटीमीटरला पंचम आला आणि ३६ सेंटीमीटरला शुद्ध मध्यम.

मग लांबी पुन्हा पूर्ववत करून १ किलोऐवजी २ किलोचे वजन टांगले. गोष्टीप्रमाणे १२ आणि ६ म्हणजे दुप्पट, तेव्हा तार षड्ज यायला हवा होता. प्रत्यक्षात आला तो तीव्र मध्यम. तीन वेळा करून पाहिले, शाळेत संगीत शिकवणाऱ्या सहकारी बाईंनाही ऐकवले. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पेटीवर तीव्र मध्यमाचीच पट्टी दाबली.

माझ्या मांडणीत काही चुकले आहे का? आणि चुकले नसेल, तर मग या गोष्टीचे करायचे काय? भौतिकशास्त्राचा उगम प्राचीन ग्रीसमध्ये, तारेच्या स्वरांत झाला, हे मुलांना सांगणे योग्य ठरेल का?

सोनोमीटर

ताई, तुमच्या मांडणीत काहीही चुकलेले नाही. चूक गोष्टीत आहे आणि ती सुमारे दीड हजार वर्षे तशीच सांगितली गेली. मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे सोनोमीटरचा, म्हणजे ताणलेल्या तारेचे स्वर मोजण्याच्या उपकरणाचा, प्रयोग घेत आलो, त्यामुळे तुमचा तीव्र मध्यम वाचून मला मनापासून आनंद झाला.

तारेची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने, लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट होते आणि तार षड्ज मिळतो. ताणाचे तसे नाही. वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट केल्यावर वारंवारता २ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १.४१४ पट झाली. आता पेटीकडे पाहा. पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि तीव्र मध्यम षड्जापासून बरोबर सहाव्या पट्टीवर, म्हणजे सप्तकाच्या नेमक्या मध्यावर असतो. सप्तक म्हणजे दुप्पट, आणि त्याचा गुणोत्तराच्या हिशेबाने मध्य म्हणजे २ चे वर्गमूळ. तुमच्या सहकारी बाईंनी जी पट्टी दाबली तीच गणिताने येते, अंदाजाने जवळची म्हणून नव्हे.

तार षड्जासाठी तुम्हाला चौपट वजन लागेल, म्हणजे ४ किलो. पंचमाचे गुणोत्तर ३/२ आहे, त्याचा वर्ग ९/४, म्हणून पंचमासाठी २ किलो २५० ग्रॅम. मध्यमाच्या ४/३ चा वर्ग १६/९, म्हणून सुमारे १ किलो ७७८ ग्रॅम. दोन सूचना कराव्याशा वाटतात. तार टेबलाच्या कडेवरून सरळ खाली न सोडता कप्पीवरून सोडा, कारण कडेच्या घर्षणात ताणाचा काही भाग अडकतो आणि जड वजनाला ते अधिक जाणवते. दुसरे म्हणजे तिसरी पट्टी तारेला जेमतेम टेकेल एवढीच उंच असावी. ती तार वर उचलत असेल तर लांबीबरोबर ताणही बदलतो आणि स्वर किंचित चढा येतो.

हातोड्यांच्या बाबतीतही गोष्ट टिकत नाही. ऐरणीवर घाव घातला की मुख्यतः ऐरण आणि तिच्यावरचा लोखंडाचा तुकडा वाजतो. हातोडा दुप्पट जड असला म्हणून स्वर सप्तकभर खाली जात नाही. लोहारकाम जवळून ऐकणाऱ्या कोणालाही हे कळू शकले असते.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः गेरासाच्या निकोमाकस या ग्रीक लेखकाच्या लेखनातून, म्हणजे पायथागोरसनंतर सुमारे सहाशे वर्षांनी. पुढे बोएथियस या रोमन पंडिताने ती लॅटिनमध्ये सांगितली आणि युरोपातील विद्यापीठांत शतकानुशतके ती जशीच्या तशी शिकवली गेली. वजनांचे खरे प्रमाण छापून सांगणारा माणूस फ्लॉरेन्सचा एक ल्यूट (एक तंतुवाद्य) वाजवणारा होता, व्हिन्सेंझो गॅलिली. त्याने १५८९ मध्ये लिहिले की सप्तकासाठी वजने चारास एक आणि पंचमासाठी नवास चार या प्रमाणात हवीत. गॅलिलिओ हा त्याचाच मुलगा. ज्या घरात बाप तारांना वजने टांगून सुमारे दीड हजार वर्षांच्या मान्यवर वचनाची परीक्षा घेत होता, त्या घरात तो वाढला. मला ही गोष्ट लोहाराच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते आणि मुलांना सांगायची असेल तर ही सांगावी असे मी म्हणेन. १६३६ मध्ये फ्रान्सच्या मारँ मेर्सेनने लांबी, ताण आणि तारेची जाडी यांचे नियम एकत्र मांडले, १६३८ मध्ये गॅलिलिओच्या अखेरच्या ग्रंथातही तेच आले, आणि १७१३ मध्ये ब्रूक टेलरने न्यूटनच्या यामिकीतून ते सिद्ध करून दाखवले.

जुनी पाने

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातून पूर्ण होत नाही. गोष्ट खोटी ठरली म्हणून ग्रीकांचे काम खोटे ठरत नाही.

पायथागोरस सामोस बेटावर जन्मला आणि इ.स.पू. ५३० च्या सुमारास दक्षिण इटलीतील क्रोटोन येथे जाऊन राहिला. त्याने स्वतः लिहिलेले काहीही उपलब्ध नाही, त्यामुळे त्याच्या नावावर नेमका कोणता शोध घालावा हा प्रश्न अभ्यासकांना कायमच पडत आला आहे. मात्र त्याच्या पंथातील पुढच्या माणसांविषयी आपल्याला अधिक भक्कम माहिती आहे. हिप्पासस नावाच्या त्याच्या अनुयायाने काशाच्या चार चकत्या करून घेतल्याची नोंद आहे. चारींचा व्यास सारखा होता, जाडी मात्र पहिलीची दुसरीच्या ४/३ पट, तिसरीच्या ३/२ पट आणि चौथीच्या दुप्पट होती. त्या वाजवल्या की मध्यम, पंचम आणि तार षड्ज यांचे नाते ऐकू येई. आता गंमत नव्हे तर अत्यंत महत्त्वाची गोष्ट अशी की हा प्रयोग खरोखर चालतो. सारख्या व्यासाच्या पातळ चकतीची वारंवारता जाडीच्या सरळ प्रमाणात वाढते. म्हणजे हातोड्यांची गोष्ट कोणीतरी ऐकून किंवा रचून सांगितली, परंतु चकत्यांची गोष्ट सांगणाऱ्यामागे काशावर हात चालवलेला माणूस होता, असे मानायला जागा आहे.

त्यानंतर त्याच पंथातला फिलोलाउस येतो. त्याच्या उरलेल्या लेखनात सप्तक २:१, पंचम ३:२ आणि मध्यम ४:३ ही गुणोत्तरे स्पष्ट आहेत. प्लेटोचा समकालीन आर्किटास याने आवाज का निर्माण होतो हा प्रश्न विचारला. आघाताशिवाय ध्वनी नाही आणि वेगवान हालचालीचा स्वर उंच असतो, असे त्याने लिहिले. उंच स्वर हवेतून लवकर पोहोचतो अशी त्याची समजूत होती आणि ती चुकीची होती. तरीही संख्येवरून हालचालीकडे, म्हणजे 'किती' कडून 'कसे' कडे वळलेले हे पाऊल मला फार मोठे वाटते.

प्लेटोचे एक वचन येथे आवर्जून आठवते. आदर्श राज्यावरील त्याच्या संवादात तारांना खुंट्यांवर पिळून पिळून, कान लावून सूक्ष्म अंतरे ऐकत बसणाऱ्यांची तो टिंगल करतो, आणि पायथागोरसच्या अनुयायांविषयी तक्रार करतो की ते ऐकू येणाऱ्या स्वरांत संख्या शोधतात, त्यापलीकडे जाऊन कोणत्या संख्या स्वतःच सुसंवादी आहेत याचा विचार करत नाहीत. त्याच्या दृष्टीने तो दोष होता. आपण ज्याला भौतिकशास्त्र म्हणतो त्याचे याहून चांगले वर्णन मला ठाऊक नाही.

एकतारी फळीवर मोजपट्टी आखून स्वरांची स्थाने दाखवण्याची रीत इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या, युक्लिडच्या नावाने चालत आलेल्या एका छोट्या ग्रंथात आढळते. पुढे दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने तर साधनाचीच परीक्षा घेतली. तार सर्वत्र सारखी जाड आहे का, घोड्या नेमक्या कोठे टेकतात, याची खात्री केल्याशिवाय कानाच्या साक्षीला अर्थ नाही, असे त्याचे म्हणणे होते. टांगलेल्या वजनांचा पुरावा त्याने भरवशाचा मानला नाही, परंतु वर्गमुळाचा नियम त्याच्या हाती लागला नाही. माझ्या मते मुलांना सांगायची खरी रुखरुख हीच आहे. एक तार आणि दोन वजने एवढेच साहित्य लागणारा प्रयोग, संशय घेण्याइतकी बुद्धी असलेली माणसे उपस्थित असूनही, शतकानुशतके कोणी पूर्ण करून लिहून ठेवला नाही.

श्रुतिगंध

चर्चा फार चांगली चालली आहे. एक शंका विचारते. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणा घेऊन २२ श्रुती, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरे, सिद्ध करून दाखवल्या आहेत, मग तारेच्या विज्ञानाचा उगम ग्रीसमध्येच झाला असे का म्हणायचे? माझ्या गुरुजींनी तर हाच जगातील पहिला ध्वनिप्रयोग असल्याचे सांगितले होते.

जुनी पाने

शंका रास्त आहे. भरताच्या प्रयोगाची थोरवी निर्विवाद आहे, पण तो वेगळ्या जातीचा प्रयोग आहे.

भरत अगदी सारख्या जुळवलेल्या दोन वीणा घ्यायला सांगतो. त्यांतील एक अचल ठेवायची, दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवायचा आणि बाकीचे स्वर त्याला धरून उतरवायचे. अशीच दुसरी उतरण केली की चल वीणेचे गांधार आणि निषाद हे अचल वीणेच्या ऋषभ आणि धैवतात मिळून जातात, तिसऱ्या उतरणीला ऋषभ आणि धैवत हे षड्ज आणि पंचमात मिळतात, आणि चौथ्या वेळी मध्यम, पंचम व षड्ज हे गांधार, मध्यम व निषादात मिळतात. त्यावरून कोणता स्वर दोन श्रुतींचा, कोणता तीन आणि कोणता चारांचा हे ठरते आणि बेरीज २२ येते. एक वीणा स्थिर ठेवून तिच्याशी दुसरीची तुलना करणे, आणि स्वर 'मिळाला' ही खूण प्रमाण मानणे, ही प्रयोगाची अत्यंत शुद्ध रचना आहे. परंतु त्यात कोठेही तारेची लांबी मोजलेली नाही. मोजणारे साधन कान हेच आहे. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानेही २२ तारांची वीणा सांगताना, दोन लगतच्या तारांच्या मधे तिसरा नाद ऐकू येता कामा नये, अशीच कानाची कसोटी दिली.

तारेच्या लांबीवर स्वरांची स्थाने सांगण्याची रीत आपल्या ग्रंथांत स्पष्टपणे दिसते ती सतराव्या शतकात, अहोबलाच्या 'संगीत पारिजात' या ग्रंथात. संगीताच्या परीक्षेला बसलेल्यांना ३६ इंची तारेचे कोष्टक आठवत असेल. षड्ज ३६ वर, मध्यम २७ वर, पंचम २४ वर आणि तार षड्ज १८ वर. हे आणि फिलोलाउसचे आकडे तंतोतंत एकच आहेत, कारण तार एकच आहे.

उगमाचाच मुद्दा असेल तर ग्रीकांच्याही मागे जावे लागते. इ.स.पू. १८०० च्या सुमाराच्या बाबिलोनी मृत्तिकापट्टिकांवर नऊ तारांचे वाद्य एका स्वरमेळातून दुसऱ्यात नेण्यासाठी कोणती तार चढवावी आणि कोणती उतरवावी याच्या सूचना आहेत. तेथेही गुणोत्तरे नाहीत. म्हणून मी असे म्हणेन की तारा जुळवण्याची विद्या अनेक ठिकाणी, फार पूर्वीपासून होती. कानाला पटणारे नाते आणि पट्टीने मोजता येणारी लांबी यांची सांगड ग्रीकांनी घातली, आणि तेवढ्यापुरता उगमाचा मान त्यांना द्यावा.

खर्ज

आमचे घर मिरजेचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याचे काम. गणित माझा प्रांत नाही, परंतु या चर्चेत जवारीचा, म्हणजे घोडी घासून आणि धागा लावून तारेचा आवाज खुलवण्याचा, उल्लेख आला नाही म्हणून लिहितो.

तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती तशी नसते. तिच्या पृष्ठभागाला फार सौम्य उतार असतो आणि तो कानसून कानसून, तार चढवून ऐकत, पुन्हा उतरवून घासत आणावा लागतो. तार घोडीच्या एका कडेवर न टेकता त्या उतारावर लोळत जाते. मग घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत न्यायचा. एका विशिष्ट जागी तो आला की तोवर बंद वाटणारा आवाज एकदम उघडतो, आणि खर्जाची एकटी तार छेडली तरी तीतून गांधार बोलू लागतो. त्यालाच आपण स्वयंभू गांधार म्हणतो. धागा केसभर पुढे गेला की तो गेला. वडील मला सांगत, धाग्याकडे बघू नकोस, गांधाराकडे बघ.

वर सांगितलेले सगळे नियम दोन पक्क्या टोकांमध्ये ताणलेल्या तारेचे आहेत. तंबोऱ्याच्या तारेचे एक टोक पक्के नसते, ते सतत लोळते. सर, याचा आपल्या नियमांशी मेळ कसा बसतो?

सोनोमीटर

आपला प्रश्न थेट चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे नेतो. तार एकाच वेळी अखंड, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशी थरथरते आणि तिच्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सहायक नाद निघतात. पाचवा सहायक नाद म्हणजेच आपला स्वयंभू गांधार. षड्ज-पंचम का मिळतात याचेही उत्तर यातच आहे, कारण षड्जाचा तिसरा सहायक नाद आणि पंचमाचा दुसरा हे एकच असतात. ग्रीकांना २ आणि ३ या संख्या सापडल्या, पण त्या तारेच्या आत कोठे बसलेल्या आहेत हे कळायला अठरावे शतक यावे लागले.

जुन्या नियमाप्रमाणे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सम सहायक नाद निघताच कामा नयेत, कारण तो बिंदू त्यांच्या दृष्टीने स्थिर राहायला हवा. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की तंबोरा आणि वीणा यांवर हा नियम लागू पडत नाही. जो नाद निघू नये तोही ठणठणीत ऐकू येतो, आणि त्याचे कारण घोडीचा तो सौम्य उतारच आहे. तारेची कंप पावणारी लांबी प्रत्येक कंपनात किंचित बदलत राहते आणि त्यातून वरच्या नादांना पुन्हापुन्हा बळ मिळते. म्हणजे आपल्या वडिलांनी कानशीने जे साधले त्याचे भौतिकशास्त्र त्या मानाने अलीकडचे आहे.

विज्ञानवही

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळा सुटल्यावर सहावी-सातवीतल्या गाणे शिकणाऱ्या चार मुलींना थांबवून घेतले आणि कप्पी लावून प्रयोग पुन्हा केला. घोडी थोडी सरकवून १ किलोचा षड्ज पेटीशी नीट जुळवून घेतला. ४ किलोला तार षड्ज आला. २ किलो २५० ग्रॅमला पंचम.

मग एकीने विचारले की गांधाराला किती लागेल. ५/४ चा वर्ग २५/१६, म्हणून स्वयंपाकघरातील काट्यावर पिशवीत १ किलो ५६२ ग्रॅम वाळू भरली आणि टांगली. पेटीच्या गांधाराशी तो आवाज जुळेना. दोन्ही एकत्र वाजवले की आवाज सावकाश डोलत होता आणि तार किंचित उतरलेली वाटत होती. मला वाटले वाळू कमी पडली. तेवढ्यात संगीताच्या बाईंनी कोपऱ्यातला तंबोरा त्याच षड्जाला लावून खर्जाची तार छेडली. चौघी मुली गप्प बसून ऐकत होत्या. तंबोऱ्यातला गांधार वाळूच्या पिशवीशी मिळाला, पेटीशी नाही.

सोमवारी हा प्रयोग नववीच्या वर्गात करणार आहे. या वेळी वजने मी सांगणार नाही, दुप्पट वजनाला कोणता स्वर येईल हे मुलांनी आधी फळ्यावर लिहायचे आणि मग तार छेडायची.